छत्तीस हजार किलोमीटरवरून भिवंडी

पार्सल ट्रॅक करताना 'भिवंडी' हे नाव तुम्ही किती वेळा वाचलंय? शूज मागवा, मिक्सर मागवा नाहीतर मोबाइलचं कव्हर मागवा, पठ्ठ्या एक रात्र तरी भिवंडीत मुक्काम करतोच. आपल्यापैकी बहुतेकांची या गावाशी ओळख एवढीच. मॅपवरचा एक ठिपका, जिथे आपली ऑर्डर झोपायला जाते. जुलै महिन्यात स्टेटस दोन दिवस हललं नाही की आपण वैतागतो. बॉस, तिकडे गुडघाभर पाणी असू शकतं, हे आपल्या डोक्यातही येत नाही!

माझं भिवंडीशी नातं मात्र पार्सलच्या पलीकडचं आहे. माझी आत्या तिथे राहते, कामवारी नदीपासून चालत पाच मिनिटांवर. तिचा मुलगा, म्हणजे माझा दादा, यंत्रमागाचा छोटा कारखाना चालवतो. पावसाळ्यात या एका घरात दोन वेधशाळा सुरू असतात. आत्याची वेधशाळा म्हणजे घरापुढच्या पाच पायऱ्या. दुसरी पायरी बुडाली की गॅस सिलिंडर उचलायचा, तिसरी बुडाली की धान्याचे डबे. संपला विषय! दादाची वेधशाळा म्हणजे मोबाइल. रात्री दोन वाजता तो उपग्रहाचं चित्र उघडून बसतो. ठाण्याच्या डोक्यावर लाल धब्बा दिसला की त्याच्यापुढे एकच प्रश्न. सुताच्या गोण्या माळ्यावर चढवायच्या की नाही?

तुम्हाला वाटेल, त्यात काय एवढं? चढवायच्या! पण चढवायच्या म्हणजे माग बंद करायचे. कारागिराला पैसे मिळतात ते विणलेल्या मीटरवर. माग थांबला की त्याची मजुरी थांबते. बरं, नाही चढवल्या आणि पाणी शिरलं तर सूत गेलं, विणून तयार असलेले तागे गेले आणि मोटारी पण गेल्या. म्हणजे मोबाइलवरच्या त्या लाल रंगावर दहा-बारा घरांचा आठवडा अवलंबून.

"तू पत्रकार ना? मग सांग बघू, हे लाल म्हणजे नक्की काय?" दादाने एकदा विचारलं. मास कॉमच्या कोर्सला हे शिकवलं नव्हतं. पण प्रश्न फिट्ट डोक्यात बसला. मग काय, लागले मागे!

लाल लाल में फरक है

पहिली गंमत ही की रात्री दोन वाजता दादा जे बघतो तो फोटोच नसतो. फोटोला उजेड लागतो. रात्री उपग्रह काम करतो ते इन्फ्रारेडवर, म्हणजे उष्णतेवर. ढगाचा माथा किती गार आहे, हे तो मोजतो. ढग जितका उंच वाढलेला, तितका त्याचा माथा गार. मग कम्प्युटर त्या थंडीला रंग देतो आणि सगळ्यात गार माथ्यांना बऱ्याचदा लाल रंग मिळतो. थोडक्यात, हे लाल म्हणजे पाऊस नव्हे. हे लाल म्हणजे 'इथे एक जाम उंच ढग उभा आहे'. असा ढग बहुतेक वेळा धो धो कोसळतो हे खरं. पण त्याचा गार माथा वाऱ्याने पसरतो आणि पाऊस पडतो शहापूरला, लाल दिसतं भिवंडीला!

याची उलटी गंमत आणखी डेंजर. कोकणातला मान्सून नेहमीच उंच ढगांतून पडतो असं नाही. समुद्रावरून आलेले बाष्पाचे ढग सह्याद्रीला अडतात, तिथेच बुटके राहतात आणि रात्रभर ओततात. त्यांचे माथे फारसे गार नसतात. त्यामुळे इन्फ्रारेड चित्रात ते साधेभोळे दिसतात आणि वरून लावलेला पावसाचा अंदाज घाटमाथ्यावर आणि कोकणात कमी भरू शकतो. म्हणजे चित्रात लाल नाही म्हणून निवांत झोपलात, तर सकाळी चप्पल पॅसेजमध्ये तरंगताना दिसेल.

दुसरं लाल आहे रडारवरचं. रडार जमिनीवर असतं. ते लहरी सोडतं आणि पावसाच्या थेंबांवर आपटून परत आलेला पडसाद मोजतं. तिथलं लाल म्हणजे खरोखरचे मोठे, भरपूर थेंब. मुंबईत हवामान खात्याचं एक डॉप्लर रडार कुलाब्याला आहे आणि दुसरं २०२२ मध्ये जोगेश्वरीजवळच्या वेरावलीला सुरू झालं. वेरावली ते भिवंडी अंतर सरळ रेषेत तीसेक किलोमीटर. म्हणजे भिवंडीवरचा पाऊस या रडारच्या अगदी टप्प्यात येतो.

आणि तिसरं लाल म्हणजे 'रेड अलर्ट'. हा तर रंग नाहीच, हा निरोप आहे. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे आता हालचाल करा. पण बघा ना, हा निरोप येतो जिल्ह्याला. ठाणे जिल्हा म्हणजे इकडे मीरा-भाईंदरची खाडी आणि तिकडे मुरबाडच्या पुढचा माळशेज घाट. दोघांना एकच रंग! आत्याच्या तिसऱ्या पायरीसाठी वेगळा रंग नाही.

तीन लाल, तीन अर्थ. आणि व्हॉट्सॲपवर तिन्ही चित्रं एकाच कॅप्शनखाली फिरतात, 'सावधान, मोठं संकट येतंय!' आता बोला.

वॉचमन आणि पाहुणा

मग माझा पुढचा प्रश्न. एवढे उपग्रह वर फिरतायत, त्यातल्या एकाला भिवंडी नीट दिसत नाही?

याचं उत्तर सोसायटीच्या भाषेत देते. आकाशात दोन प्रकारचे डोळे आहेत. एक वॉचमन आणि एक पाहुणा.

वॉचमन म्हणजे भूस्थिर उपग्रह. विषुववृत्ताच्या वर, जवळजवळ ३६ हजार किलोमीटर उंचीवर. पृथ्वी फिरते त्याच वेगाने तोही फिरतो, म्हणून आपल्याला तो एका जागी टांगल्यासारखा. इस्रोने २०१६ मध्ये सोडलेला इन्सॅट-३डीआर ७४ अंश पूर्व रेखांशावर आहे, म्हणजे मालदीवच्या जरासा पूर्वेला. भिवंडीच्या गच्चीवरून दक्षिणेकडे मान वर केलीत तर साहेब जवळपास समोरच बसलेत, दिसत नाहीत एवढंच. त्याच्या जोडीला १७ फेब्रुवारी २०२४ ला श्रीहरिकोटाहून गेलेला इन्सॅट-३डीएस. असा उपग्रह दर अर्ध्या तासाला अख्ख्या देशाचं चित्र पाठवतो. सुट्टी नाही, डुलकी नाही.

पण या वॉचमनची नजर अधू आहे. त्याच्या इन्फ्रारेड चित्रातला एक चौकोन, ज्याला आपण पिक्सेल म्हणतो, तो ४ किलोमीटर लांब आणि ४ किलोमीटर रुंद. म्हणजे एका चौकोनात १६ चौरस किलोमीटर. भिवंडी-निजामपूर महापालिकेची हद्द सुमारे २६ चौरस किलोमीटर. करा हिशेब! लाखो माणसं, लाखो माग, तीनबत्तीचा बाजार, निजामपुरा, नदीनाका, सगळं मिळून दोन-तीन चौकोन.

ही अधू नजर किती महागात पडू शकते, ते आपण २६ जुलै २००५ ला पाहिलंय. त्या दिवशी २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. अंतर किती, तर वीसेक किलोमीटर. तेव्हा वर होता कल्पना-१. हा फक्त हवामानासाठी बनवलेला इस्रोचा पहिला उपग्रह. १२ सप्टेंबर २००२ ला 'मेटसॅट' या नावाने तो गेला आणि कल्पना चावला कोलंबिया यानाच्या अपघातात गेल्यावर फेब्रुवारी २००३ मध्ये त्याला तिचं नाव दिलं गेलं. त्याचा इन्फ्रारेड चौकोन होता ८ किलोमीटरचा. म्हणजे प्रलय आणि रिमझिम यांच्यात फक्त दोन-तीन चौकोन! ढग दिसत होता, पण तो कुठल्या स्टेशनवर रिकामा होणार हे एवढ्या जाड चौकोनांत कळणं कठीण. आणि डॉप्लर रडार मुंबईत नंतर आलं.

याचा अर्थ वॉचमन बिनकामाचा, असं नाही हं. चक्रीवादळ येऊ दे, मग बघा त्याचा रुबाब. ३ जून २०२० ला 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, त्याच्या आधी ते अरबी समुद्रात कसं जमतंय, कुठे वळतंय, हे उपग्रहांनी तासातासाला दाखवलं होतं. किनाऱ्यावरची माणसं वेळेत हलवता आली. शेकडो किलोमीटर पसरलेलं वादळ त्याला लख्ख दिसतं. दिसत नाही ती गल्ली.

आता पाहुणा. हे उपग्रह काही शे किलोमीटरवरून जातात. जवळून बघतात, त्यामुळे नजर एकदम तेज. पण येतात आणि भुर्रकन जातात. त्यातले रडारवाले तर ढगातून, रात्रीही बघू शकतात. फंडा सोपा आहे. साचलेलं पाणी आरशासारखं सपाट असतं, रडारची लहर त्यावरून दुसरीकडेच घसरते, म्हणून चित्रात पूर आलेली जागा काळी दिसते. युरोपचे सेंटिनेल-१ हे काम करतात. इस्रो आणि नासाने मिळून बनवलेला निसार ३० जुलै २०२५ ला गेला, तो ७४७ किलोमीटरवरून बघतो. हैदराबादचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र अशाच चित्रांवरून पुराचे नकाशे तयार करतं.

मग प्रॉब्लेम काय? प्रॉब्लेम हा की निसार त्याच वाटेवर परत येतो १२ दिवसांनी. आसामात किंवा सांगलीत पूर दिवसेंदिवस राहतो, तिथे हे नकाशे सोन्याच्या मोलाचे. भिवंडीत पाणी पहाटे चारला चढतं आणि दुपारी उतरतं. पाहुणा यायच्या आत आत्याने ओटा धुऊन पण काढलेला असतो! शिवाय दाटीच्या वस्तीत लहर भिंतीवर आपटते, पाण्यावर आपटते, परत भिंतीवर... त्यामुळे गल्लीतलं पाणी काळं न दिसता उलट चमकू शकतं. भाताची खाचरं आणि खाजणं नीट दिसतात, मोहल्ले चकवतात.

ढगाचा गुन्हा की जमिनीचा?

पण पाहुण्याचा एक अल्बम आहे, आणि तो बघून मी खरंच गप्प झाले. अमेरिकेच्या लँडसॅट मालिकेतले उपग्रह १९७२ पासून पृथ्वीचे फोटो काढतायत. राकेश शर्मा १९८४ च्या एप्रिलमध्ये सॅल्यूत-७ वरून भारताचे फोटो काढत होते, त्याच्या महिनाभर आधी लँडसॅट-५ वर गेला होता. ३० मीटरचा चौकोन आणि २००८ पासून अख्खा अल्बम सगळ्यांना फुकट. गूगल अर्थच्या टाइमलॅप्समध्ये १९८४ पासूनची वर्षं तुम्ही घरबसल्या पुढे-मागे करू शकता. रविवारी सीरियल बघण्यापेक्षा भन्नाट, गॅरंटी!

मी आणि दादाने भिवंडी लावली. सुरुवातीला उल्हास नदी, तिची खाडी, पलीकडे ठाणे, मधे हिरवा-तपकिरी पट्टा. मुंबई-नाशिक हायवेच्या दोन्ही अंगांना शेतं. मग वर्षं सरकायला लागतात. पूर्णा, राहनाळ, काल्हेर, माणकोली, दापोडे... एक पांढरा चौकोन उगवतो, मग दहा, मग नुसते पांढरे-निळे पत्रे. गोदामं! आपली पार्सलं झोपतात ती हीच. कामवारी मात्र शहराच्या मधोमध एका धाग्याएवढी. शोधावी लागते.

आता शेतात पडलेलं पाणी थोडं मुरतं, थोडं बांधात थांबतं. पत्र्यावर आणि काँक्रीटवर पडलेलं पाणी मुरत नाही, थांबत नाही, सुसाट निघतं. निघून जाणार कुठे, तर त्याच धाग्यात. आणि धागा मिळतो खाडीला. खाडीला भरती असेल तर पाण्याला बाहेर जायला वाट नाही. त्यात मुरबाड-शहापूरकडे रात्री कोसळलेला पाऊस काळू-भातसातून उल्हासमध्ये उतरून त्याच खाडीकडे निघालेला. उल्हास काय करू शकते, ते २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मधे पाण्यात अडकलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या हजारावर प्रवाशांना विचारा.

म्हणजे दादा मोबाइलवर फक्त ढग बघत होता, पण पाणी तीन ठिकाणांहून येत होतं. वरून, डोंगराकडून आणि खाडीकडून. पाण्याला अडवणारी चौथी गोष्टही अंतराळातून दिसते. ती ढग नाही, ती आपण आहोत.

ही गोदामं वाईट असं मी म्हणत नाही. हजारो पोरांच्या नोकऱ्या तिथे आहेत आणि तुमची-माझी सोयही. पण नकाशात नदीला जागा किती ठेवायची, हे ठरवताना हा अल्बम टेबलावर असायला हवा ना? फुकट आहे, चाळीसपेक्षा जास्त वर्षांचा आहे आणि तो खोटं बोलत नाही.

मग करायचं काय?

दादाने काय केलं ते सांगते. आता तो एकच चित्र बघत नाही. आदल्या दिवशी उपग्रहाचं चित्र बघतो. समुद्रावर काय जमतंय, एवढंच त्यातून घ्यायचं. रात्री रडार. थेंब खरंच आहेत का आणि कुठल्या दिशेने सरकतायत? मग भरतीचं टाइमटेबल. ते वर्षभर आधी छापून मिळतं, फक्त मुंबईची भरती खाडीतून आत भिवंडीपर्यंत यायला थोडा वेळ लागतो, तो धरायचा. आणि मुरबाड-शहापूरला किती झाला, यासाठी तिकडच्या मामाला एक फोन. यातल्या तीन गोष्टी जुळल्या की गोण्या वर. नाहीतर माग चालू. कारागिरांनाही त्याने हे शिकवलंय, कारण मोबाइल त्यांच्याकडेही आहे आणि मजुरी त्यांची जाते.

सरकारी पातळीवरही गाडी पुढे सरकतेय. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने बनवलेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' २६ मे २०२५ पासून ६ किलोमीटरच्या चौकोनात अंदाज देते. आधी तो १२ किलोमीटरचा होता. मुंबईसाठी २०२० मध्ये 'आयफ्लोज' ही पूर-इशारा यंत्रणा आली. पाऊस, भरती, जमिनीचा उतार आणि नाले एकत्र करून कुठल्या भागात किती पाणी साचेल, ते ती सांगते. दादा जे हाताने जुळवतो तेच, पण शास्त्रशुद्ध. ती मुंबईसाठी आहे. पाण्याला मात्र महापालिकेची वेस कळत नाही. मुंबईची पार्सलं भिवंडीतून येतात, तर मुंबईची अक्कलही भिवंडीपर्यंत जायला काय हरकत आहे?

आणि आत्याची वेधशाळा? ती तर सगळ्यात भारी निघाली. उपग्रहवाल्यांचा एक शब्द आहे, 'ग्राउंड ट्रूथ', म्हणजे जमिनीवरचं सत्य. वरून काढलेलं चित्र बरोबर की चूक, हे ठरवायला खाली कुणीतरी मोजलेलं असावं लागतं. आत्याच्या जिन्यातल्या भिंतीवर पेन्सिलने रेघा आहेत. सगळ्यात वरची २००५ ची, खाली इतर वर्षांच्या. प्रत्येक रेघेपुढे तारीख आणि पाणी चढल्याची वेळ. निसारला जमत नाही ते या बाईने खडूच्या डब्यातल्या पेन्सिलने केलंय. अशा रेघा कामवारीच्या काठच्या कितीतरी घरांत असतील. दर दिवाळीत रंगकाम होतं आणि त्या पुसल्या जातात.

तर मंडळी, या पावसाळ्यात दोन छोटी कामं. तुमच्या बिल्डिंगमध्ये पाणी शिरत असेल तर पुढच्या वेळी सेल्फीबरोबर भिंतीवर एक रेघ मारा. तारीख आणि वेळ लिहा, मोबाइलमध्ये फोटो ठेवा आणि तो वॉर्ड ऑफिसपर्यंत पोचवा. दुसरं, जिल्ह्याला रेड अलर्ट असताना ऑर्डर करायचीच असेल तर 'उद्याच हवं' वर टिचकी मारू नका. तिकडे कुणीतरी तिसऱ्या पायरीकडे बघत उभं असेल.

दादाच्या घरी यंदा दिवाळीत रंग काढायचा ठरलाय. जिन्यातली ती एक भिंत सोडून.